नळीवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा: जुनी, मापानं घडवून घेतलेली रायफल पारखताना

कणकवलीच्या पुढे एका गावात मला एक रायफल बघायला बोलावलं होतं. पाऊस नुकताच सरला होता, खळं अजून सारवायचं होतं. माळ्यावरून घोंगडीत गुंडाळलेली ती वस्तू खाली आली. आजोबांनी ती पडवीतल्या बाकावर ठेवली, घोंगडी उलगडली आणि नळीवर बोट टेकवून म्हणाले, "माझ्या आजयान घेतलली ही. आधी नाव वाचा, नाव."

नाव लंडनचं होतं आणि मोठं होतं. मी म्हटलं, "आजोबा, नाव शेवटी वाचूया. आधी परवाना दाखवा."

हे मी शिकलो ते नुकसान सोसून. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका घरात मी नळीवरचं नाव वाचलं आणि त्यानंतर मला दुसरं काही दिसलंच नाही. क्रमांक बघितला तो नुसता टिपून घेण्यापुरता. खुणा बघितल्याच नाहीत. पैसे दिले, कागद झाले, आणि चार महिन्यांनी लंडनहून पत्र आलं: हा क्रमांक आमच्याकडे आहे, पण तो एका बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचा आहे. रायफल खोटी नव्हती. कुठल्यातरी साध्या कारखान्यातली, बऱ्यापैकी बनवलेली होती. त्यावरचं नाव आणि क्रमांक मात्र नंतर कोणीतरी कोरलेले होते. म्हणून आता कोणी सल्ला विचारला की मी एकच क्रम सांगतो: आधी कागद, मग बोअर (नळीच्या आतल्या रुंदीचं माप), मग क्रमांक, मग खुणा, मग पोलाद, मग लाकूड. हे सगळं जुळलं तर नाव वाचा.

आपल्याकडे हा विषय अवघड का आहे, तेही थोडं सांगतो. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, पर्डी, जेफरी या विलायतेतल्या बंदूक बनवणाऱ्या घरांच्या रायफली संस्थानिक, इंग्रज अधिकारी, चहाचे मळेवाले आणि जंगल खात्यातली माणसं मागवून घेत. हाताची लांबी, मानेची ठेवण, कुठल्या जनावरासाठी हवी, हे सगळं कळवून ती घडवून घ्यायची. पुढे मालक मेले, विकून गेले, आणि रायफली वतनदारांकडे, खोतांकडे, निवृत्त सुभेदारांकडे आल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला बाहेरून शस्त्र आणणं जवळपास बंद झालं. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, तुम्हाआम्हाला नाही. देशात जो माल आहे तोच फिरतो. 2019 च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली, तेव्हा ज्या घरात तीन होती त्यांना एक सोडावं लागलं. माल थोडा आणि हौस मोठी, अशा बाजारात खोटं नाव चांगलं विकलं जातं.

आधी कागद

परवाना हातात घ्या आणि त्यावरचा रायफलीचा क्रमांक, बोअर आणि बनवणाऱ्याचं नाव वहीत उतरवून घ्या. झेरॉक्सवर भागवू नका, मूळ परवाना बघा. परवान्याला यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदीचा क्रमांक, असला पाहिजे. मुदत संपलेली नसावी. मूळ परवानाधारक वारला असेल तर रायफल वारसाच्या परवान्यावर चढलेली आहे का ते बघा. कोकणात ही अडचण घरोघर आहे. चार भाऊ, दोन मुंबईला, एक बडोद्याला, आणि परवाना अजून वडिलांच्या नावावर. अशा वेळी विकणाऱ्याला विकायचा हक्कच नसतो, मग तो कितीही सज्जन असो.

तुमच्या स्वतःच्या परवान्यावर रायफल नमूद हवी. शेतीसंरक्षणाचा परवाना इथं चालत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये शेतीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, नळीत आटे (पिळासारख्या फिरत जाणाऱ्या खाचा) असलेल्या रायफलीचा नाही. एका बागायतदारानं रानडुकरांच्या नावावर रायफल घेता येईल का म्हणून विचारलं होतं. त्यांनाही हेच सांगितलं. आणि शिकारीसाठी तर विचारच नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला. आज अशी रायफल घ्यायची ती कारागिरीसाठी, इतिहासासाठी आणि रेंजवर नेम धरण्यासाठी.

खासगी माणसानं खासगी माणसाला विकायची तर विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर 45 दिवस जावे लागतात. हे 45 दिवस म्हणजे अडथळा वाटतो. माझ्या मते तीच तुमची सगळ्यात मोठी सोय आहे. लंडनला पत्र पाठवायला, जाणकार शस्त्रदुरुस्त्याला दाखवायला, रात्री शांतपणे फोटो बघायला तेवढा वेळ मिळतो. "आजच इसार द्या, उद्या दुसरा येतोय" म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

मग बोअर

रायफल कितीही सुंदर असो, तिचं बोअर बंदी असलेल्या वर्गात मोडत असेल तर तुम्हाला ती सर्वसाधारण परवान्यावर घेता येत नाही. .303 हे त्यातलं ठळक उदाहरण, कारण लष्करी काडतूस त्यात चालतं. .315, .30-06, .275, .375 ही बोअरं सर्वसाधारण परवान्यावर दिसतात.

परवान्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. नुसतं ".375" लिहिलेलं असतं, पण .375 ची निदान तीन वेगवेगळी काडतुसं आहेत: हॉलंडचं 1912 चं मॅग्नम, त्याच्या आधीचं अडीच इंची, आणि मानलिखरचं छोटं. ".423" लिहिलेलं असेल तर ते जेफरीचं .404 असू शकतं, कारण त्याच्या गोळीचा व्यास .423 इंच असतो, किंवा जर्मन माउझरचं 10.75 मिलिमीटरचं. एकाची पुंगळी 73 मिलिमीटर लांब, दुसऱ्याची 68. एक दुसऱ्यात चालत नाही, आणि चालवायला गेलात तर इजा होईल. नेमकं काडतूस कोणतं ते नळीवर आणि खुणांवर वाचायचं असतं. शंका असेल तर शस्त्रदुरुस्त्याकडून चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचा, साचा काढून घ्यायचा.

बोअरवरून वयही पारखता येतं. 1907 साली इंग्रज सरकारनं .450 बोअर हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. इंग्रज फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या काडतुसांना उपयोगी पडेल असा माल बंडखोरांच्या हाती जाऊ नये, हा हेतू होता. म्हणून तर .470, .465, .475, .476 अशी बोअरं पुढे आली. आता कोणी .450 ची दुनळी दाखवून "पणजोबांनी 1920 ला विलायतेहून मागवली" म्हणालं, तर गोष्टीत कुठेतरी गाठ आहे. रायफल 1898 ते 1907 च्या मधली खरी असू शकेल आणि पणजोबांनी जुनी घेतलेली असू शकेल. गोष्ट चुकली म्हणून रायफल खोटी ठरत नाही, पण गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत.

क्रमांक: उलटी धरा

हात लावण्यापूर्वी मालकाकडूनच रायफल उघडून घ्या, चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा. हे सांगायला संकोच वाटून घेऊ नका.

मग रायफल उलटी करा. लोक वरून बघतात, कारण वर नाव आणि नक्षी असते. खाली मात्र कामकाजाच्या नोंदी असतात. दुनळी असेल तर पुढचं लाकूड काढून, नळ्या वेगळ्या करून, सपाट भागावर बघा. बोल्टची, म्हणजे मागचा दांडा ओढून भरायची, असेल तर नळीवर, अ‍ॅक्शनच्या (नळीमागची यंत्रणा) कड्यावर, बोल्टच्या दांड्याला लागून आणि मॅगझीनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, झाकणावर.

घडवून घेतलेल्या चांगल्या रायफलीत एकच क्रमांक पुष्कळ ठिकाणी असतो: नळीवर, अ‍ॅक्शनवर, पुढच्या लाकडातल्या लोखंडी पट्टीवर, चापाच्या कडीच्या शेपटीवर. सगळे जुळले पाहिजेत. पुढच्या लाकडाचा क्रमांक वेगळा निघाला तर ते दुसऱ्या रायफलीचं आहे. नळ्यांचा वेगळा निघाला तर ती जोडलेली वस्तू आहे.

अंक भिंगातून बघा. मी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी विजेरी घेऊन जातो. जुना ठसा मारलेला अंक तळाशी गोलसर, जरा काळपट असतो, आणि त्याच्या कडेला पोलाद किंचित वर आलेलं असतं, ते हाताळून गुळगुळीत झालेलं असतं. नंतर कोरलेल्या अंकाच्या तळाशी उजळ धातू दिसतो, किंवा काळं करण्यासाठी लावलेल्या रंगाचा एकसारखा थर दिसतो. अंकाभोवतीचा भाग किंचित खोलगट वाटला, तर तिथं आधी काहीतरी घासून काढलेलं आहे. पट्टीची सरळ कड टेकवून उजेडात धरा. फट दिसली की उठा.

आणि इथं फक्त पैशाचा प्रश्न नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 8 नुसार शस्त्रावरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं किंवा खोटी करणं हा गुन्हा आहे. शिवाय अशी रायफल ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानंच ते केलं असं गृहीत धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. म्हणजे खोटा क्रमांक विकत घेतलात, तर फसलेले तुम्ही आणि उत्तर देणारेही तुम्हीच. माझी ती रायफल मी पत्रासकट अधिकाऱ्यांकडे नेऊन जमा केली. पैसे गेले. पण निवांत झोप लागते.

खुणा: पोलादावरचा पंचनामा

इंग्लंडमध्ये विकली जाणारी प्रत्येक नळी सरकारमान्य चाचणीघरात जादा दाबाचा बार काढून तपासली जाई, आणि मग तिच्यावर ठसे मारले जात. दोन चाचणीघरं: लंडनचं, बंदूककारांच्या संघाचं, ज्या संघाला 1637 साली सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचं, 1813 सालच्या कायद्यानं उभं राहिलेलं. नाव खोटं कोरणारे पुष्कळ असतात. पण या ठशांचा संच बोअर, काळ आणि जागा यांच्याशी जुळवून खोटा करणारा मला अजून भेटला नाही, कारण त्याला एवढा अभ्यास नसतो.

लंडनच्या ठशात मुकुटाखाली जी आणि पी ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात. बर्मिंगहॅमच्या 1904 नंतरच्या ठशांत मुकुटाखाली बी-पी, बी-व्ही आणि एन-पी अशी अक्षरं. त्याआधीच्या बर्मिंगहॅमच्या नळीवर एकमेकांवर आडवे राजदंड दिसतात. मुकुटाखाली नुसतं आर असेल तर ती नळी पुन्हा तपासलेली आहे, म्हणजे मध्ये तिच्यावर मोठी दुरुस्ती झाली असावी. ती कसली, ते विचारा.

मोठ्या बोअरच्या नळीवर "कॉर्डाइट" (तेव्हाची बिनधुराची दारू) असा शब्द आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला दारूचं वजन, दुसरा गोळीचं, दोन्ही ग्रेन या वजनाच्या बारीक मापात. .470 असेल तर 75 आणि 500. मी एकदा .470 म्हणून दाखवलेल्या रायफलीवर दुसरा आकडा 480 वाचला. 480 ग्रेनची गोळी .450 सारख्या दुसऱ्या बोअरची. म्हणजे ती जन्मानं .470 नव्हती, मागाहून नळी रुंदावून .470 केली होती, आणि पुन्हा तपासल्याची खूण कुठेच नव्हती. मालकाला हे ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा अजून आठवतो. त्यांना फक्त एवढंच सांगितलं की हिच्यातून बार काढू नका.

1954 नंतरच्या ठशांत दाबाचे आकडे टनांत येतात. तेव्हा 1910 ची म्हणून दाखवलेल्या रायफलीवर टन दिसले, तर एक तर ती नंतरची आहे किंवा नंतर पुन्हा तपासली गेली आहे.

लंडनचं नाव आणि बर्मिंगहॅमचे ठसे, एवढ्यावरून लगेच खोटी ठरवू नका. वेस्टली रिचर्ड्सचा कारखानाच बर्मिंगहॅमला, त्यांच्या रायफलीवर बर्मिंगहॅमचेच ठसे असायचे, दुकान लंडनला असलं तरी. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा, लायन अँड लायन यांच्या नावाच्या पुष्कळ रायफली बर्मिंगहॅमला बनून येत आणि त्यावर दुकानाचं नाव पडे. मुंबईत काळा घोड्याजवळ ज्यांची इमारत अजून उभी आहे त्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचंही तेच. या रायफली प्रामाणिक आहेत. फक्त दुकानाचं नाव हे बनवणाऱ्याचं नाव नव्हे, आणि किंमतही त्या हिशेबानं धरायची.

पोलाद: नळी आणि नाद

कोकणात खरी परीक्षा इथं होते. जुन्या काडतुसांच्या केपात पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की नळीत त्याचं मीठ उरतं, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. हे मीठ तेलानं जात नाही, पाण्यानं जातं, म्हणून जुने जाणकार आधी उकळतं पाणी ओतून नळी धूत, कोरडी करत आणि मग तेल लावत. ज्यांनी नुसता तेलाचा बोळा फिरवला त्यांची नळी आतून खाल्ली गेली. देशावर जे दहा वर्षांत होतं ते वेंगुर्ल्याला एका पावसाळ्यात होतं.

नळी आधी कोरड्या बोळ्यानं पुसून घ्या. तेल भरून ठेवलेली नळी चांगलीच दिसते. मग विजेरी एका टोकाला धरून दुसऱ्या टोकानं बघा. आटे धारदार आणि सलग दिसले पाहिजेत. चेंबरच्या पुढच्या दोनतीन इंचांत करडा, खरबरीत पट्टा असेल तर तिथं झीज झाली आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. तोंडाशी आटे एका बाजूला झिजलेले असतील तर कोणीतरी वर्षानुवर्षं पुढून गज घालून साफ केली आहे, आणि तिचा नेम गेलेला आहे, नळी कितीही चकचकीत असो. शस्त्रदुरुस्त्या असेल तर मऊ शिशाची तेल लावलेली गोळी तोंडातून ठोकून पलीकडे काढायला सांगा. तिच्यावर उमटलेल्या आट्यांचं माप घेतलं की बोअर रुंदावलं आहे का ते कळतं. गोळी वाटेत अचानक सैल सरकली तर तिथं नळी फुगलेली आहे.

दुनळी असेल तर नळ्या सुट्या करा, खालच्या आकड्यात दोरी किंवा बोट अडकवून लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेरानं हलकेच ठोका. देवळातल्या लहान घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला पाहिजे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटली आहे. सुटलेल्या फटीत पाणी शिरतं आणि आत गंज चढत राहतो, बाहेर काही दिसत नाही. त्या कणकवलीच्या पडवीत मी हा नाद काढून दाखवला, तेव्हा घरातली मुलं अभ्यास सोडून धावत आली. दोनदा, तीनदा ठोकून दाखवावं लागलं.

मग नळ्या परत बसवा, पुढचं लाकूड न लावता. अ‍ॅक्शन एका हातात, नळ्या दुसऱ्या हातात, आणि आडवं हलवून बघा. खुटखुट झाली तर सांधा सैल आहे. नळीच्या मागे आणि अ‍ॅक्शनच्या तोंडामध्ये पातळ कागद अडकला पाहिजे, सहज सरकता कामा नये. दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी बसतील अशा जुळवलेल्या असतात, ते काम एका विशिष्ट काडतुसासाठीच केलेलं असतं. दुसऱ्या काडतुसावर वळवलेली दुनळी म्हणजे ते सगळं काम वाया.

बोल्टच्या रायफलीत मॅगझीन बघा. चांगल्या माउझर अ‍ॅक्शनमध्ये मॅगझीनची पेटी त्या काडतुसाच्या लांबीला बरोबर बेतलेली असते. काडतूस आत पुढेमागे हलत असेल, किंवा पेटीत पत्र्याचा तुकडा ठोकून जागा कमी केलेली असेल, तर ती रायफल त्या बोअरची जन्मलेली नाही.

लाकूड

दस्ता अक्रोडाचा हवा. आपल्याकडे फुटलेला दस्ता गावच्या सुतारानं शिसवीचा, सागाचा, कधी फणसाचाही करून दिलेला असतो, आणि त्या सुताराचा हात चांगला असेल तर पॉलिशखाली कळत नाही. लोखंडाला लागलेली कड बघा. मूळच्या कामात लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये नख शिरत नाही. हातानं कोरलेली चौकटजाळी हाताच्या तळव्याखाली झिजलेली आणि इतरत्र टोकदार असली पाहिजे. सगळीकडे सारखीच टोकदार असेल तर ती परत कोरलेली आहे.

घडवून घेतलेल्या रायफलीची खरी ओळखसुद्धा इथंच. दस्ता एका बाजूला किंचित वळलेला असतो, मालकाच्या डोळ्याला नळी सरळ यावी म्हणून. खाली चांदीचा किंवा सोन्याचा लहान लंबगोल पत्रा, त्यावर अद्याक्षरं. ती अद्याक्षरं बनवणाऱ्या घराकडून येणाऱ्या पत्रातल्या मागणीदाराच्या नावाशी जुळली तर सोन्याहून पिवळं. मागची साईट उघडून बघा, 100, 200, 300 यार्डांच्या पाती हातानं आखलेल्या असतात. पुढे संध्याकाळच्या अंधारात दिसावी म्हणून उलटून उभी करायची मोठी पांढरी माशी (नेम धरायचा पुढचा दाणा) असेल, तर मालकानं मचाणावरच्या कामासाठी मागितलेली रायफल आहे ती.

स्क्रूंकडे नजर टाका. चांगल्या घराच्या रायफलीत खाचा एका ओळीत उभ्या असतात. फाटलेल्या, तोंड वाकलेल्या खाचा म्हणजे कोणीतरी साध्या स्क्रूड्रायव्हरनं आत हात घातला आहे. मग आतही काहीतरी झालेलं असणार.

आता नाव

एवढं सगळं जुळलं असेल तर नाव आणि पत्ता भिंगातून वाचा. अक्षरं खोल, कडा तीक्ष्ण, आणि निळं पोलाद (गंज धरू नये म्हणून दिलेला निळा थर) अक्षरांच्या आतही तितकंच जुनं दिसलं पाहिजे. अक्षरं उथळ झालेली असतील तर नळी घासून नव्यानं निळी केली आहे. आजूबाजूचा निळा थर अक्षराच्या कडेला तुटलेला दिसला, तर अक्षर नंतरचं आहे.

पत्ताही तारीख सांगतो. हॉलंड अँड हॉलंडचं दुकान 1960 पर्यंत 98, न्यू बाँड स्ट्रीटला होतं. पर्डी 1880 च्या दशकात ऑक्सफर्ड स्ट्रीट सोडून ऑडली हाउसला गेले, तेव्हा ऑक्सफर्ड स्ट्रीटचा पत्ता आणि कॉर्डाइटचं बोअर एकाच मूळ नळीवर बसत नाही. ओक-चामड्याची पेटी मिळाली तर आतल्या कागदी लेबलावरचा पत्ता नळीवरच्या पत्त्याशी ताडून बघा. पेट्या आणि लेबलं वेगळी विकत मिळतात, पेटीतल्या खाचा रायफलीला बरोबर बसतात का ते बघा.

मग बनवणाऱ्या घराला पत्र. या जुन्या घरांनी मागणीच्या वह्या जपून ठेवल्या आहेत आणि शुल्क घेऊन ते क्रमांकाची नोंद कळवतात: कोणासाठी, कधी, कुठलं बोअर, नळीची लांबी किती, काय जादा मागितलं होतं. क्रमांकाचे, ठशांचे आणि सबंध रायफलीचे फोटो जोडा.

किंमत

कागद, नोंद आणि वस्तू जुळणं, याला मी सगळ्यात जास्त पैसे देतो. त्यानंतर मूळपण: नळी, दस्ता, निळा रंग हे पहिलेच आहेत का. मग नळीची आतली अवस्था. आणि आपल्या देशात एक वेगळाच मुद्दा आहे, काडतूस मिळतं का. .315 चं काडतूस इथं बनतं. .30-06 चं मिळतं. .470 चं शोधत फिरावं लागतं. म्हणून बाहेर जी रायफल सोन्याच्या मोलाची, ती इथं कधी साध्या .315 पेक्षा सावकाश विकली जाते. बाहेरच्या लिलावांचे आकडे दाखवून कोणी किंमत सांगितली तर मान्य करू नका, कारण ती रायफल तुम्हाला बाहेर नेऊन विकता येणार नाही. शंभर वर्षांवरची असेल तर पुरावस्तू कायदाही आडवा येऊ शकतो.

दस्ता बदललेला असेल तर मी किंमत तिसऱ्या भागानं कमी धरतो. नळी रुंदावलेली किंवा बोअर बदललेलं असेल तर निम्म्याहून कमी, आणि मन साशंक असेल तर घेतच नाही. नव्यानं निळी केलेली चकचकीत रायफल आणि जुना, राखाडी झालेला पण मूळ रंग असलेली रायफल शेजारी ठेवली तर दुसरी घ्या. आपल्याकडचे खरेदीदार उलट करतात. विकणारे म्हणूनच पॉलिश करून आणतात.

गोष्टीला किंमत असते, पण लेखी असेल तर. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल 1907 साली भेट मिळालेली .275 रिग्बी आज सगळ्या जगाला माहीत आहे, कारण तिच्या दस्त्यावर तसं लिहिलेला चांदीचा पत्रा आहे. 2015 साली ती रिग्बी कंपनीकडे परत गेली. तिचं बोअर, अ‍ॅक्शन यात तिच्या काळच्या इतर .275 पेक्षा वेगळं काही नाही. त्या पत्र्याचं मोल आहे. "आमच्या आजोबांनी राजेसाहेबांबरोबर वाघ मारला" याचा फोटो, पत्र, परवान्याची जुनी नोंद काही असेल तर मागा. नसेल तर ऐका, चहा प्या, आणि रायफलीचेच पैसे द्या.

कणकवलीच्या रायफलीचं पत्र सात आठवड्यांनी आलं. क्रमांक खरा, बोअर खरं, नाव खरं. मागणीदार मात्र एक इंग्रज अधिकारी होता, पत्र्यावरची अद्याक्षरं त्याची. आजोबांच्या आज्यानं ती नंतर कधीतरी त्याच्याकडून किंवा दुकानातून घेतली असणार. आजोबांना थोडं वाईट वाटलं. मी त्यांना पत्र्यावरची अक्षरं वाचून दाखवली आणि सांगितलं की या तुमच्या रायफलीची जन्मतारीख आता लिखित आहे, तिची किंमत कमी नाही, वाढली आहे. त्यांनी मग ती विकायचा विचार लांबणीवर टाकला.

घरी आणल्यावर

ताबा मिळाला की परवान्यावर नोंद त्याच आठवड्यात करून घ्या. पहिला बार शस्त्रदुरुस्त्यानं तपासल्याशिवाय काढू नका.

पेटी सुंदर असली तरी पावसाळ्यात रायफल पेटीत ठेवू नका. आतली बनात ओल धरते आणि पोलादाला तशीच चिकटते, सप्टेंबरात पेटी उघडली की पेटीच्या खाचांच्या आकाराचा गंज दिसतो. घोंगडीचंही तेच. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं आणि खवट होतं. बंदुकीचं पातळ तेल, स्वच्छ फडका, आणि कुलूपबंद लोखंडी कपाटात नळीचं तोंड खाली करून उभी ठेवायची, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, आणि त्या दर पंधरवड्याला तव्यावर गरम करून परत टाका. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहत असाल तर दर आठवड्याला एकदा पुसा, हात लावल्यावर तर लगेच, घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत पोलादावर उमटतात. निवडणुकीच्या वेळी रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर आधी नळीत आणि बाहेरून तेलाचा जाडसर हात द्या, पावतीवर क्रमांक बरोबर लिहिलाय ना ते वाचा, आणि परत आणल्या दिवशीच ती सगळी उघडून पुसा.